दहापैकी साडेनऊ

अण्णा, तुम्ही मला पाटीच्या बदल्यात दिलेलं पुस्तक मागच्या महिन्यात एका माणसानं पांढरे हातमोजे घालून हातात घेतलं. मी शेगडीपाशी होते, मला वाटलं कुणाला तरी टोचायला आलाय. हे मी बोलतेय आणि तुमची पणती लिहितेय. ती डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते, आणि तिचं अक्षर आत्तापासूनच कुणाला लागत नाही म्हणतात. मला कुणाचंच लागत नाही, म्हणून आमच्या दोघींचं जमतं.

आठवतंय का बघा. नांदेडचा जुना मोंढा, रद्दीचे गठ्ठे छतापर्यंत गेलेले, मधे तराजू आणि तराजूमागे तुम्ही. दुकानाच्या मागंच आपलं घर. मी गोणपाटावर बसलेय, मांडीशी खळीचं डबडं, आणि कागदी पिशव्या चिकटवतेय. घडी, बोट, खळ, घडी, दाब. धाकटा भाऊ सहा वर्षांचा झाला तसं तुम्ही त्याला लाकडी चौकटीची नवी पाटी आणली आणि शाळेत घातलं. मी आठ वर्षांची. मी म्हटलं, मला पण. तुम्ही रागावला नाहीत, हेच वाईट झालं. रागावला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही मला जवळ बसवून मायेनं समजावलंत, 'बाळ, ह्या धंद्यात वाचणारा माणूस बुडतो. कागद हातात आला की तो बघत बसतो, हात थांबतो. माझंच बघ, एक गठ्ठा सोडायला लागलो की दिवस जातो. तुझा हात कसा चालतो, मशीनवानी. अक्षर आलं की हा हात गेला.' आई आतून म्हणाली, 'शिकू द्या की वो, दोन वर्सं तरी.' तुम्ही म्हणालात, 'मग पिशव्या तू करतीस का?' आईपुढं तेव्हा आठ माणसांच्या भाकरीचं पीठ होतं. तिनं परातीत पाणी ओतलं.

त्याच आठवड्यात सिकंदराबादेहून रेल्वेनं गोण्या आल्या, तिकडच्या छावणीतली रद्दी. त्यातून तुम्ही एक रंगीत पुस्तक काढलंत, असं कोरं की छापणाऱ्यानंतर कुणाचा हात लागला नसावा. वर एक धिप्पाड माणूस. अंगाला चिकटलेला पिवळा पोशाख, तुमानीवरून चड्डी, पाठीला काळी चादर बांधलेली, आणि त्यानं रेल्वेचा पूल एका हातावर उचललाय. 'घे,' म्हणालात, 'ह्यात वाचायचं काय न्हाई. चित्रं बघ.' दुसऱ्या दिवशी भाऊ पाटी घेऊन शाळेला गेला आणि मी चड्डीवाल्याला मांडीवर घेऊन पिशव्यांना बसले.

मी ते एकदाच उघडलं. चित्रं होती, पण प्रत्येक माणसाच्या तोंडापाशी एक पांढरा ढग आणि ढगात अक्षरं. वाचायचं काही नाही म्हणालात, आणि आत तर सगळी माणसं नुसती बोलतच होती. मिटलं ते मिटलंच. फेकवलं नाही, तुम्ही दिलेलं होतं. लग्नात शालूच्या घडीत घालून लोखंडी पेटीत ठेवलं, वर कडुलिंबाचा पाला, आणि औशाकडच्या खेड्यात सासरी घेऊन आले. पुढं माझा मुलगा, म्हणजे हिचा बाप, शाळेत जायला लागल्यावर ते मागायचा. मी सांगायचे, 'खेळणं न्हाई ते, राग हाय माझा. हात लावू नको.' त्यालाच वाचून दाखव म्हणता आलं असतं. पण पोटच्या पोरापुढं मान कोण खाली घालणार?

भूकंपात ते घर बसलं. सासूबाई गेल्या. शेजारच्या घरातलं कुणीच राहिलं नाही. त्यावर मी अजून बोलत नाही, आजही बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी जवानांनी मागची भिंत उपसली तेव्हा पेटी निघाली, झाकण चेपलेलं, आत शालू आणि पुस्तक जसंच्या तसं. काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली आणि मग आम्ही लातूरला आलो. तुम्ही पाहिलेलं लातूर राहिलं नाही, अण्णा. डाळीच्या गिरण्यांपेक्षा आता शिकवण्या जास्त. तुमच्या नातवानं घरावर दोन मजले चढवून शिकवणीच्या पोरींचं वसतिगृह काढलं, खालची मेस माझ्याकडं. चाळीस पोरी जेवतात. 'ती सहाशेवाली आली का जेवायला?' असं विचारतात एकमेकींना, नाव घेत नाहीत, गुण घेतात. चौकाचौकात पोरांचे फोटो लावलेत, खाली गुण. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, एवढी लेकरं एकदम कशानं गेली गं बाई?

तर हातमोजेवाला म्हणजे हिचा फिजिक्सचा सर. त्याच्या केबिनमध्ये काचेचं कपाट आहे आणि त्यात असलीच जुनी चड्डीवाल्यांची पुस्तकं उभी केलीत, एकेक जाड पारदर्शक डबीत सीलबंद. आधी ती परदेशात पाठवायची. तिथं माणसं भिंगाखाली धरून बघतात आणि पुस्तकाला गुण देतात, दहापैकी. कोपरा दुमडला, गुण कापला. बोटाचा डाग, गुण कापला. घडीवर रेघ उमटली, म्हणजे कुणीतरी नीट उघडून वाचलं होतं, गेले गुण. मग डबीत घालून बंद करतात, आणि ती डबी जन्मात उघडायची नाही. मी हिला विचारलं, 'मग ते वाचतात कधी?' ही म्हणाली, 'वाचत न्हाईत आजी, जमवतात.' ओकारीच्या आधी तोंडात पाणी जमतं तसं जमलं माझ्या. आख्ख्या लातुरात लेकरांनी गुण मिळवायला डोळे फुटेस्तोवर वाचायचं, आणि ह्याच्या कपाटात पहिला नंबर कुणाचा, तर ज्याला कुणी वाचलं नाही त्याचा! ह्याच माणसानं दिवाळीआधी हिच्या दप्तरातलं गोष्टीचं पुस्तक भर वर्गात फाडलं होतं. 'गोष्टी वाचायला आलीस का इथं?' म्हणाला. ही तुकडे घेऊन घरी आली. मी खळ शिजवली आणि पान न् पान जोडून दिलं. तेवढं मला येतं, तुमच्या कृपेनं.

पालकांच्या बैठकीला गेलेल्या माझ्या मुलानं ते कपाट बघितलं आणि त्याला माझी पेटी आठवली. मला न विचारता पेटी उघडली, फोटो काढून सरला पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी सर दारात. जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, माझ्या पोरींची ताटं बाजूला सारून. भिंग काढलं. पुस्तक हुंगलं. अण्णा, मी म्हातारी झाले, पुष्कळ घाण पाहिलीय, पण तोंडात लाळ आणून कागद हुंगणारा माणूस बघितला नव्हता.

'आजी, साडेनऊ तरी येतील,' तो म्हणाला. 'घडीवर रेघ नाही, पानं अजून पांढरी! इतकं कोरं ठेवलंत कसं?'

'काय न्हाई मास्तर,' मी म्हटलं, 'मला वाचता येत न्हाई.'

तो हसला. कुत्सित नाही, अगदी मनापासून. 'नशीबच म्हणायचं! वाचता येत असतं तर चिंध्या झाल्या असत्या ह्याच्या.' आणि तुमचा नातूही हसला, सरच्या मागोमाग, गडी मालकाच्या मागं हसतो तसा. मग त्यानं कौतुकानं भूकंपाची हकीकत काढली, सासूबाई कशा गेल्या, भिंत कशी पेटीवर पडली. सर मान हलवत ऐकत होता. मधेच म्हणाला, 'पेटीत धूळ गेली होती का?'

रेशनच्या दुकानात मला अडाणी म्हणाले, बँकेत म्हणाले, एकदा दवाखान्यात तर तोंडावर म्हणाले. त्याची सवय होते. पण अडाणी राहिल्याबद्दल शाबासकी आयुष्यात पहिल्यांदा मिळाली, साडेनऊ गुणांची. आणि कानात तुमचा आवाज आला, तराजूमागून, तेवढाच मायाळू. तुम्हाला पिशव्या पाहिजे होत्या, ह्याला पुस्तक पाहिजे होतं. दोघांनाही माझं वाचणं आड येत होतं. तुमची किळस येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दुपारी आली, थोडी. लिहिलंस का गं? लिही.

जाताना सर म्हणाला, 'रविवारी डबी घेऊन येतो, त्यात घालून परदेशात पाठवू. तोवर कुणी उघडू नका. आणि मुलीची बॅच बघू आपण.' हिला तिसऱ्या बॅचमध्ये टाकलंय. पहिल्या बॅचला सर स्वतः शिकवतो, आणि तिथं गुणांशिवाय कुणाला घेत नाही म्हणे. आता कळलं, चड्डीवाल्याच्या गुणांवरही घेतो. माझा मुलगा त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेला. परत आला तो पेढे आणू का विचारत.

शनिवारी दुपारी पोरी क्लासला गेल्या होत्या. मी हिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पुस्तक पुढं टाकलं. 'वाचून दाखव.'

'आजी, उघडलं की गुण गेले. पप्पा जीव घेतील माझा.'

'डबीत गेल्यावर मला कोण सांगणार ह्यात काय हाय ते? तुला पहिली बॅच पाहिजे का, ते सांग. पाहिजे असंल तर मी शालूत गुंडाळून परत ठेवते.'

हे खरं लिही पोरी, लाजू नको. ती लगेच 'नको' म्हणाली नाही. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसली. मग म्हणाली, 'पाहिजे तर हाय. पण अशी गेले तर तिथं बसून मला रोज त्याचं तोंड बघावं लागंल.' आणि तिनं पुस्तक उघडलं. चांगलं सपाट, पोळपाटावर ठेवून. मधली पिन कुर्र वाजून सुटली. मला फार बरं वाटलं.

इंग्रजीतलं वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची. मी शेजारी कणीक मळत होते, मधेच वाकून चित्र बघायचे. माझा तेलाचा अंगठा पानावर उमटला तशी ती ओरडली, 'आजी!' म्हटलं, 'राहू दे, सही हाय माझी.' गोष्ट सांगू तुम्हाला? तो धिप्पाड माणूस घड्याळं दुरुस्त करतो. अंगावर वीज पडते आणि त्याच्यात बळ येतं. एक टकल्या नदी गोठवून टाकतो, का गोठवतो ते त्यालाही माहीत नाही. आगगाडी येते, एक बाई किंचाळते, हा पूल उचलतो. लोक टाळ्या वाजवतात. हा दुकानात जाऊन परत घड्याळ उघडतो. मधल्या पानांवर दंड फुगवायच्या जाहिराती.

'एवढंच?' मी विचारलं.

'एवढंच.'

'आणि ती बाई काय म्हणती?'

'वाचवा म्हणती. सगळीकडं तेवढंच.'

भिकार गोष्ट, अण्णा. मेसमधली कुठलीही पोरगी रडत-रडत आपल्या घरचं सांगते ते ह्याहून बरं असतं. ह्याच्यासाठी मी साठ वर्षं पेटी उचलून हिंडले. तरी मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं, आणि ह्या खेपेला टकल्याचा आवाज सरसारखा काढला. मला हसून ठसका लागला.

रविवारी सर डबी घेऊन आला. पुस्तक बघितलं आणि खुर्चीत बसला, पाठीत कुणी घातल्यासारखा. 'हे काय केलंत आजी? आता ह्याला तीनसुद्धा मिळणार नाहीत.'

'वाचलं,' मी म्हटलं. 'दोनदा.'

'आई, हे काय करून ठेवलीस!' माझा मुलगा ओरडला. 'पोरीच्या जागेचा तरी इचार करायचा!'

'म्या केला न्हाई, पोरीनंच केला,' मी म्हटलं. 'मास्तर, चहा घ्या. आणि तिच्या गुणांवर जमलं तर घ्या तिला पहिल्या बॅचला, न्हाईतर राहू द्या. तिसरीतबी फिजिक्स तेच असंल की.'

सरनं चहा घेतला नाही. डबी रिकामी परत नेली. ही तिसऱ्या बॅचमध्येच आहे, आणि हिचा बाप माझ्याशी कामापुरतं बोलतो. पुस्तक आता मेसच्या फडताळात असतं. पोरी जेवताना चाळतात, त्यावर वरणाचे डाग पडलेत, कुणीतरी टकल्याला मिशा काढल्यात.

काल ही म्हणाली, 'आजी, मी शिकवते तुला. रोज अर्धा तास. तीन महिन्यांत वाचशील.' मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, 'बघू काय? पणजोबांनी शिकू दिलं न्हाई म्हणून सगळ्यांना सांगत असतीस ना?'

सांगते, आणि ते खोटं नाही. पण भूकंपानंतर शेडच्या वस्तीत बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला होता. शिकवणारी बाई रोज माझ्या दाराशी यायची, पाटी हातात द्यायची. मी तिला सांगायचे, बाई, मला दिसत नाही. शिकले असते तर तुमच्यावर कशाला रागवायचं ते उरलं नसतं, आणि त्या वर्षी माझ्यापाशी दुसरं काही शाबूत राहिलं नव्हतं. ही लिहिता लिहिता थांबलीय, विचारतेय हे ठेवू का. ठेव म्हटलं, हे कुठं टपालात पडणार आहे. त्या वर्षी मी डाळीतला एकेक खडा वेचून काढत होते. माझे डोळे चांगले होते, अण्णा.