दोन उशांवरचा ट्युबा

संघदीपदादा,

कुकरमध्ये वरण-भात आहे. आईले दुपारची गोळी आठवणीनं दे. मी मालेगावले चालली. तू आणलेला ट्युबा, ते पितळी भोंगं, मी वाजवणार नाही.

"जुना आहे पन लहान आहे, आपल्या चौघांच्या जाझ बँडले असाच पायजे," म्हणला तू. लहान आहे, मान्य. पन मांड्यांमधी खुर्चीवर टेकवला की फुंकायची नळी माझ्या कपाळाले लागते. दोन दिवस मी बुडाखाली दोन उशा घेऊन बसली. ओठ पोचले, तर पाय लटकले. पाय टेकल्याबिगर दम कुठून आणू? सहा वर्षं सोबत वाजवून राह्यलो, माझी उंची तुले ठाऊक नाही काय? तरी मले वाटलं, सोताच्या मांडीवर घेऊन पाह्यला असशील, चुकला बिचारा.

काल तुझा दोस्त गजेंद्र आला. खुर्चीवर बसला, अन् ओठ बरोबर नळीवर. वर तोच बोलून गेला, "दुकानात बी असाच बसला होता."

म्हंजे दुकानात त्याले नेलं! मले पाहाले आलेले पाव्हणे नुसता चहा पिऊन गेले. मी अजून हो बी म्हणली नाही. अन् तू माझी जागा देऊन मोकळा झाला? मले विचारलं काहून नाही?

मालेगावले एक जुना ट्युबा विकाले आहे. तो मी माझ्या मांडीवर घेऊन, फुंकून पाहीन.

संध्याकाळच्या तालमीले मी माझ्या खुर्चीवर असीन. गजेंद्र येणार असला तर त्याले सांग, खुर्ची घरून आण.

पल्लवी