क्लीटदादाचा रुमाल

लोन पाइन, कॅलिफोर्निया, १९३२

ऑर्फावहिनी,

उद्या मला घोडा कड्याच्या टोकापर्यंतच दौडवायचाय. पुढची उडी क्लीटदादाची. ज्या मूकपटात ती उडी मारताना तो गेला, त्यातलीच ती या बोलपटात जोडणार आहेत. तेवढाच खर्च वाचतो. म्हणून मी हुबेहूब दादा दिसायला हवा.

"साहेब, त्याच्या डाव्या बाहीला ठिगळ होतं," मीच दिग्दर्शकाला सांगितलं.

"मग लाव की, प्रोफेसर!" माझ्या काटेकोरपणाला ते हसले.

लावलं. दादाच्या घोड्यासारखा माझ्या घोड्याचा पायही चुन्याने पांढरा केला. माझ्या कामात खोट निघत नाही. पण आरशात पाहिलं, तर समोर दादाच उभा.

दादाचा रुमाल लाल होता. मी गडद हिरवा बांधणार आहे. पडद्यावर दोन्ही काळेच दिसतात. कॅमेरा खुशाल फसू दे. कड्याला मात्र फरक कळू दे.

परतलो, तर हे पत्र फाडेन.

तुमचा दीर,
अल्वा