हेलिकॉप्टरचा पाठभेद

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.
एका गंभीर अन्यायाची नोंद करणं भाग आहे. हेल्मेटवाल्याचं हेल्मेट लालभडक होतं. या कॅसेटमध्ये ते विटकरी आहे. शंकेला जागा नाही. १९८८ साली वर्ध्याच्या बसस्टँडजवळ माझ्या वर्गातल्या धर्मेंद्रच्या वडिलांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं, तिथल्या उभ्या मशीनवर मी शाळेचे दोन हिवाळे काढलेत. गेमचं इंग्रजी नाव कुणालाच वाचता येत नसे, म्हणून आम्ही त्याला हेल्मेटवाला म्हणायचो. आता नत्थू टीव्हीवाल्याने कुठून तरी टीव्हीला जोडायचा जुना डबा आणि त्याच गेमची घरगुती कॅसेट आणून दिली. गेम तोच, रंग भ्रष्ट.
संकल्प: कंपनीला निषेधपत्र. संस्कृतात लिहिलं तर धार येईल, पण तिकडे वाचणार कोण?

४ नोव्हेंबर.
ज्या दैनिकाला मी बाजाराच्या बातम्या पाठवतो, त्याच्या संपादकांचा फोन. म्हणे, देवळीच्या सोयाबीन आवकेची तीच बातमी तुम्ही आठवड्यात दोनदा पाठवली. मी म्हणालो, महत्त्वाची होती. ते हसले नाहीत.
बायकोने, रुख्मिणीने, हे ऐकलं. हातातला झारा तसाच धरून म्हणाली, "म्या सेवाग्रामले नंबर लावून ठेवला. सतरा तारीख, सोमवार. मेंदूच्या डॉक्टरचा." मी विचारलं, कशाबद्दल? तर म्हणे, "कशाबद्दल, हे तुमाले मले सांगा लागते का आता?"
तिचा रोख कळला. माझ्या वडिलांचं, अण्णाजींचं, एक्कावन्नाव्या वर्षी सुरू झालं. एक दिवस ते स्वतःच्या कापडदुकानासमोर उभं राहून शेजाऱ्याला विचारत होते, हे दुकान किती वाजता उघडतं. मला एक्कावन्न चालू आहे. हा योगायोग. शिवाय अण्णाजींनी कधी पाठांतर केलं नव्हतं. मी संस्कृतची शब्दरूपं झोपेत म्हणून दाखवतो.
संकल्प: स्मरणशक्तीचा लेखी पुरावा द्यायचा.

५ नोव्हेंबर. रात्रीचं जेवण झाल्यावर.
करार ठरला. हेल्मेटवाल्याच्या सहाही स्टेज, खेळण्याआधी, क्रमाने लिहून पाकिटात घालायच्या. पाकीट रुख्मिणीच्या ताब्यात. कॅसेटशी क्रम जुळला तर सेवाग्राम रद्द.
तिने विचारलं, "अन् नाई जुयला तर?"
मी म्हणालो, हा प्रश्नच उद्भवत नाही.

६ नोव्हेंबर.
लिहून दिलं: जंगल, पूल, हेलिकॉप्टर, कारखाना, बोगदा, किल्ला. अडीच मिनिटं लागली. पूल ओलांडला की डोक्यावर हिरवं हेलिकॉप्टर यायचं, मी उडी मारायचो, मागची पोरं ओरडायची. दार बंद करून, पाकिटाला डिंक लावून दिलं. विजय जवळजवळ निश्चित.

८ नोव्हेंबर, शनिवार.
पहिला प्रयोग. रुख्मिणी शेजारी लसूण सोलत, फोडलेलं पाकीट मांडीवर. जंगल बरोबर. पूल बरोबर. पुलानंतर कारखाना आला.
हेलिकॉप्टर नाही.
रुख्मिणीने पाकिटावर एक फुली मारली. म्हणाली, "एक चुकलं."
मी शांतपणे समजावलं: चुकलं नाही, गाळलं. मोठं मशीन ही मूळ संहिता. घरगुती कॅसेट ही लहान शाखा, तिच्यात जागा कमी. नकलाकाराला जे पेलवत नाही ते तो गाळतो. पोथ्यांमध्ये हे रोज घडतं.
ती म्हणाली, "पोथीले डॉक्टर नाई लागत."

९ नोव्हेंबर.
आज कारखान्याच्या पुढे पोचलो. नऊ वेळा मेलो, त्यात बटणाचा दोष मोठा. पुढे किल्ला आला आणि किल्ल्यानंतर बोगदा. म्हणजे क्रमही बदललाय! पाठक्रमविपर्यय. मी हा शब्द मोठ्याने उच्चारला. रुख्मिणीने पाकिटावर पेनाने आणखी दोन फुल्या मारल्या.
नत्थूला फोन केला. तो म्हणाला, धर्मेंद्रने पार्लर बंद केलं तरी ते मोठं मशीन नालवाडीच्या गोडाऊनमध्ये ठेवलंय, अजून चालतं. झालं तर मग. मूळ ग्रंथच उपलब्ध आहे.
संकल्प: उद्या नालवाडी.

१० नोव्हेंबर.
कापूस खरेदीची बातमी होती. उद्या नक्की.

११ नोव्हेंबर.
गाडीच्या मागच्या चाकात हवा कमी. उद्या.

१२ नोव्हेंबर.
हवा भरली. मग वाटलं, इतकी घाई काय. रुख्मिणीने विचारलं, "जाऊन काऊन नाई राह्यले?" मी म्हणालो, संशोधनाला वेळ लागतो. ती कपडे वाळत घालायला गेली. तिने आग्रह करायला हवा होता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. नालवाडीहून परत आल्यावर.
गेलो. धर्मेंद्रने गोडाऊन उघडलं. प्लायवूडच्या ढिगाऱ्यामागे ते उभं होतं, झाकलेलं. प्लग लावला. पडदा दोनदा फडफडला आणि हेल्मेटवाला चालायला लागला. हेल्मेट विटकरी.
धर्मेंद्रने स्वतः खेळून दाखवलं. हात अजून तयार आहे त्याचा. जंगल, पूल, कारखाना, किल्ला, बोगदा. मग डोंगरावरचा गड, किल्ल्याहून वेगळा. सहावा तो. मी तो लिहिलाच नव्हता. मी पोचलो होतो तिथपर्यंत कॅसेट अक्षरशः जशीच्या तशी निघाली.
मी म्हणालो, हेलिकॉप्टर कुठे गेलं? आधी असायचं.
धर्मेंद्रने बटणावरचा हात काढला. म्हणाला, "अबे, दसऱ्याच्या नंतर आलता ना तू, तवा बी हेच विचारलं. मीच तुले चालू करून दाखवलं. हेलिकॉप्टर दुसऱ्या गेममध्ये होतं, अन् ते मशीन माह्या बापानं मागंच विकलं, हे बी सांगतलं. येथंच बसून चहा पेला तू."
मी म्हणालो, तो दुसरा कोणी असेल.
तो म्हणाला, "दुसरा कोणी मले संस्कृत शिकवते का?"
धर्मेंद्रला शुगर आहे. शुगरने आठवणीवर परिणाम होतो असं वाचल्याचं आठवतं. मी त्याला सेवाग्रामला दाखवून घे असं सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, घरी एकटा जाशील ना, का मी येऊ? काय वेड्यासारखा प्रश्न. येताना चुकून पवनारच्या रस्त्याला लागलो होतो, पण लगेच लक्षात आलं.

१५ नोव्हेंबर.
रुख्मिणीने निकाल विचारला. मी म्हणालो, प्रश्न अभ्यासाधीन आहे. तिने पाकीट कपाटात ठेवलं. नालवाडीला कधी गेलो होतो, हे तिने विचारलं नाही. काल गेलो होतो असं मीच सांगितलं. ती म्हणाली, "काल. हो." इतकंच.

१६ नोव्हेंबर, रविवार.
सकाळपासून दसऱ्यानंतरचा तो दिवस शोधतोय. गोडाऊन नाही, चहा नाही, धर्मेंद्रचं बोलणं नाही. काहीच हाताला लागत नाही. आणि नसलेलं हेलिकॉप्टर मात्र स्पष्ट दिसतं, पंख्यांच्या वाऱ्यासकट.
धर्मेंद्र खोटं बोलत नाही. रुख्मिणीला माहीत होतं, असं आता वाटतं. तेव्हाही मी घरी येऊन तिला सगळं सांगितलं असणार.
उद्या साडेनऊचा नंबर आहे. जाणार.
अण्णाजी शेवटची अकरा वर्षं मजेत होते. घाबरलेली होती ती आई. रात्री ती दाराला आतून कुलूप लावायची आणि किल्ली स्वतःच्या ब्लाउजमध्ये ठेवायची. मी विसरेन याची भीती वाटतेच. त्याहून जास्त भीती याची वाटते, की मी मजेत असेन आणि रुख्मिणी एकटी जागी असेल.