फरशी वाळेपर्यंत

माय,
सेलूहून तुझ्या सत्यशीलाचा जय भीम.

मी मजेत हाय. हाताला भेगा पडल्यात, पण खोबरेल लावते. तुझा खोकला कसाय? बकरी व्याली का?

आता मी शिळ्या भाकरीवर कुणाचं घर पुसत न्हाई. तासाला आठ आणे घेते. वकिलीणबाई म्हणल्या, "फरशी वाळेपर्यंत नुसती उभी राहतीस, त्याचे कशाचे पैसे?"

मी म्हणलं, "बाई, दार राखते. न्हाईतर तुमचीच पावलं उमटतील." लय हसल्या, अन् कबूल झाल्या.

खरं सांगू? ओल्या फरशीत आभाळ उतरतं, अन् मला आपली गोदावरी दिसती. पलीकडच्या काठाला तू उभी असतीस. हाक मारावी, तेवढ्यात फरशी वाळती.

म्हणून माय, हल्ली मी पाणी जरा जास्तच घ्यायलेय.

तुझीच,
सत्या