वर्लिनची हलकी गाडी

ऑल्डर क्रीक, नेब्रास्का
सप्टेंबरअखेर, १९९४

ती. लव्हॉनताईस,

धाकट्या आर्डिसचा नमस्कार. हार्लनभाऊजींनाही सांग, आणि त्यांच्या पित्ताचा खडा पडला की अजून मुक्काम ठोकून आहे तेही कळव. ॲरिझोनाच्या उन्हाने तुझे गुडघे थोडे तरी सुधारले असतील अशी आशा करते. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे. तसं नाहीये, पण ते क्रमाने येईल. मार्चमध्ये वर्लिनला झटका आला, डावा हात आणि डावा पाय गेला, तोंड एका बाजूने ओघळलं, इथपर्यंत तुला फोनवर सांगितलं होतं. पुढचं मुद्दाम पत्रात लिहिते आहे. फोनवर तू मधेच रडायला लागतेस आणि मग आजारी माणूस माझ्या घरात असूनही समजूत मलाच तुझी घालावी लागते.

आमचा शर्यतीचा नाद तुला माहीत आहे. (तू एकदा आली होतीस. जत्रेच्या मैदानाच्या डांबरावर नारिंगी शंकू मांडलेले, त्यांतून एकेक गाडी घड्याळाशी पळते. दुपारभर बसून तू मला विचारलंस की दुसरी गाडी शर्यतीला कधी येणार.) आमची ती छोटी, दोन दारांची गाडी घेऊन आम्ही इतकी वर्षं जातो. आधी तो चालवणार, मग मी, आणि संध्याकाळी स्पर्धा संपल्यावर हौसेच्या फेऱ्या असतात तेव्हा तो माझ्या शेजारी बसून माझ्या चुका मोजणार. आमचा संसार साधारण असाच झाला. या मैदानावर आमचा वैरी एकच, डॉक्टर मर्ल वोत्रुबा, गावचा दातवाला. वर्लिनच्या चार दाढा त्यानेच उपटल्या आहेत, तेव्हा वैर जुनं आहे. झटक्यानंतर तो हॉस्पिटलात फुलं घेऊन आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "मग आता गाडीचं काय करताय? विकायची असेल तर आधी मला सांगा." वर्लिनची तेव्हा वाचा बंद होती. आठवड्याने ती आली. ताई, बायकोचं नाव पहिलं निघेल अशी माझी समजूत होती. पहिले शब्द निघाले ते असे, "दातवाल्याला हरवायचं."

"कोण हरवणार?" मी विचारलं.

"तू."

"मी एकसष्ट वर्षांची आहे, वर्लिन. आता माझा वेग वाढायचा नाही."

"नको वाढवूस. गाडी हलकी करू."

आता हा माणूस तीस वर्षं धान्याच्या कोठारावर ट्रक तोलत बसायचा. भरलेला ट्रक तोल, रिकामा तोल, वजाबाकी कर, पुढचा बोलाव. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्यापाशी वजाबाकी हेच औषध. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची टाकून बसायचा आणि मी अंगणात गाडीत डोकं घालून. जे निघेल ते आत न्यायचं आणि माझ्या केकच्या पिठाच्या तराजूवर ठेवायचं. मोठी वस्तू असली तर न्हाणीघरातल्या काट्यावर. जॅक आणि जादा चाक गेलं. मागची सीट गेली. मग गालिचा, गालिच्याखालचा नमदा, रेडिओ, हीटर, दारांची आतली अस्तरं. तो आकडा पाहायचा, मनातल्या मनात वजा करायचा आणि लाळेने ओल्या शब्दांत सांगायचा, "आता एकोणीसशे दहा पौंड." डॉक्टर खूश होते. म्हणाले, मेंदूला व्यायाम होतो आहे. माझ्या केकला मात्र उन्हाळाभर ग्रीसचा वास येत होता. (एकदा गाडीच्या आतलं काढायला हात घातला की नियमाने ती वरच्या गटात जाते. वरच्या गटात वोत्रुबा. वर्लिनला नेमकं तेच हवं होतं.)

मग डांबराची पाळी आली. आवाज दबावा म्हणून कंपनी गाडीच्या तळाच्या पत्र्यावर डांबराचा थर देते. तो खरवडून निघत नाही. त्यावर कोरडा बर्फ पसरायचा, डांबर गारठून ठिसूळ झालं की हातोडीने फोडायचं. आइस्क्रीमवाल्याकडून बर्फ आणला आणि जुलैच्या भर उन्हात हातमोजे घालून मी आत ओणवी झाले. तेवढ्यात आपले पास्टर एलोफ सँडाल आले. ते आजाऱ्याला प्रभुभोजन द्यायला आले होते. गाडीतून वाफ निघते आहे आणि माझे फक्त पाय बाहेर आहेत हे पाहून ते धावले, आणि प्रकार समजल्यावर कोट काढून हातोडी मागू लागले. तासभर ठोकत होते. घामाघूम होऊन आत आले आणि म्हणाले, सेमिनरीतलं धर्मशिक्षण संपल्यापासून इतकं समाधान कशात मिळालं नव्हतं. वर्लिन म्हणाला, "अकरा पौंड. देवाचं काम आहे." पास्टरसाहेबांनी ते नाकारलं नाही. त्या दिवसापासून ते आठवड्यातून दोनदा येऊ लागले. प्रभुभोजनाचं अधूनमधून राहून जायचं.

ऑगस्टमध्ये गाडीत काढण्यासारखं उरलं नाही, तेव्हा वर्लिनची नजर माझ्यावर गेली. आधी बूट. मग रात्रीच्या जेवणानंतरचं माझं गोडधोड. मग एके दिवशी तो माझ्याकडे एकटक बघत राहिला. ताई, चाळीस वर्षांत या माणसाने माझ्या केसांकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. तो म्हणाला, "केस बरेच आहेत गं तुला." मी क्षणभर लाजले. मग लक्षात आलं. (कापले. आता मी आपल्या बेंट मामासारखी दिसते.)

आणि मग तो म्हणाला, "शेजारची सीट काढ."

मी म्हटलं, "मग तू कुठे बसणार?"

"मी कुठे बसतोय आता."

"बरा झालास की बसशील."

"बत्तीस पौंड आहेत, आर्डिस."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. जेवण भरवत होते, पुसत होते, कूस बदलून देत होते, पण बोलले नाही. तोही बोलला नाही, फक्त खिडकीतून त्या सीटकडे बघत राही, आणि मला हेच सहन होईना. कुठल्याही बायकोला वाटतं की नवऱ्याने आपली जागा राखून ठेवावी. हा स्वतःची जागा स्वतःच मोजून रद्द करत होता आणि हिशोबात त्याचं कुठेच चुकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी पाना घेतला आणि चार बोल्ट सोडले. सीटखाली काही हळवं सापडेल म्हणून मी धास्तावले होते. एक पेन्सिल आणि वाळलेला सँडविचचा तुकडा, बस. सीट न्हाणीघराच्या काट्यावर ठेवली. तेहतीस भरली. तो म्हणाला, "बघ, एक जास्तच." आणि हसला, उजव्या बाजूने.

शर्यत सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी होती. वर्लिनपाशी पास्टरसाहेबांना बसवून मी एकटी गेले. ताई, रिकाम्या पत्र्याची गाडी आतून कशी वाजते ते तुला कसं सांगू. पिंपात बसून डोंगरावरून गडगडत यावं तशी. पण वळायची. नुसता विचार केला की वळायची. शेवटच्या फेरीत वोत्रुबाची वेळ माझ्यापेक्षा चांगली लागली, पण त्याने एक शंकू पाडला. शंकूला दोन सेकंदांचा दंड. मी जिंकले. त्याने येऊन हात मिळवला आणि म्हणाला, "वर्लिनला सांगा, दात शाबूत आहेत तोवर हसून घे म्हणावं." निरोप वाईट नव्हता. वर्लिनला आवडला असता. तोच घेऊन मी सुसाट घरी आले.

दार उघडं होतं. वर्लिन जमिनीवर पडलेला आणि पास्टरसाहेब त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. फोनचा रिसीव्हर लोंबत होता. नुकतंच झालं होतं. दुसरा झटका. गावची रुग्णवाहिका पलीकडच्या गावी कापणीच्या अपघाताला गेलेली, आमची पिकअप शेजारी मका वाहायला घेऊन गेलेला, आणि पास्टरसाहेब चालत आलेले. दारात उभी होती ती ही गाडी. एकच सीट आणि बाकी नागडा पत्रा. आम्ही दोघांनी त्याला उचललं. (तोही पुष्कळ हलका झाला होता. मला कळलंच नव्हतं.) सीटच्या जागी रजई घालून त्याला आडवं केलं. पास्टरसाहेब मागे, पत्र्यावर, त्याचं डोकं धरून बसले. त्यांना धरायला काहीच नव्हतं.

हॉस्पिटल अठरा मैलांवर आहे आणि वाटेत नदीकाठची सगळी वळणं आहेत. मी तशी गाडी याआधी कधी चालवली नाही आणि यापुढे चालवणार नाही. पास्टरसाहेब मोठ्याने प्रार्थना म्हणत होते. पहिल्या वळणाला ते डावीकडे सरकले, दुसऱ्याला उजवीकडे, तिसऱ्यानंतर प्रार्थना मनातल्या मनात चालू राहिली असावी. पुलाआधीच्या मोठ्या वळणात मी फार जोरात घुसले. मागचं चाक घसरलं, मी सावरलं, आणि खालून आवाज आला. अगदी स्पष्ट. "हळू आत जा. जोरात बाहेर पड." मी रडत होते आणि चिडलेही होते. म्हटलं, "गप्प पड." तो गप्प पडला.

त्यानंतर तो बोललेला नाही. डॉक्टर म्हणतात, बोलणार नाही. (पास्टरसाहेबांनी पुढच्या रविवारी त्याच वाक्यावर प्रवचन दिलं. कुणाला काही कळलं नाही. मी मागच्या बाकावर बसून सगळं ऐकलं.) आता तो घरी आहे. उजवा हात थोडा हलतो. डोळे सगळीकडे फिरतात. मधून मधून एक आवाज काढतो. दिवसा घरी येणारी नर्स पाणी देते, भांडं देते, उशी बदलते, तो पुन्हा काढतो. दातवाल्याला हरवल्याचं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. निरोपही दिला. ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

तर असा सगळा प्रकार झाला. मी काही खचलेली नाही. काम असतं. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली टाकली आहे. वोत्रुबाने पुन्हा विचारलं, या वेळी फार मऊ आवाजात, आणि मी म्हटलं, बघू. बहुधा देऊन टाकीन. या नादाने आमचं काय भलं झालं? असल्या गोष्टींचं माझं वय उरलं नाही. भाऊजींना पुन्हा नमस्कार. आशीर्वाद द्यायला दोन्ही घरांत लहान कुणी नाही, तेव्हा ते तुमच्या मांजराला दे.

तुझी,
आर्डिस

ता. क. बीटाचं लोणचं वेगळं पाठवते आहे. झाकण फुगलेलं असून दाबल्यावर वाजलं तर नासलं समज, खाऊ नकोस.

ता. क. २. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी तू येऊ शकशील का? वर्लिनपाशी कुणीतरी आपलं माणूस हवं. मोसमाची शेवटची शर्यत आहे आणि पास्टरसाहेबांना माझ्याबरोबर यायचं आहे. वोत्रुबाला गाडी देणार नाही म्हणून कळवलं आहे. काल मागच्या खिडकीची काच काढली.

ता. क. ३. त्याच्या त्या आवाजाचं. तो तुझ्याकडेही बघून काढेल, शेवटी वर चढणारा, प्रश्न विचारल्यासारखा. घाबरू नकोस. परवा मी पाठ पुसताना सहज बोलून गेले की गाडी सतराशे साठवर आली, आणि तो शांत झाला. झोपला. तो तेवढंच विचारतो. तेव्हा आकडा सांगायचा. कुठलाही चालेल, फक्त मागच्यापेक्षा कमी हवा. खरा आकडा आता फारसा उतरत नाही, पण ते मी त्याला सांगितलेलं नाही. आज सकाळी मी सतराशे सेहेचाळीस सांगितला आहे. तू एका वेळी एखादाच पौंड कमी कर, ताई. मला अख्खा हिवाळा पुरवायचा आहे.