आधी अपग्रेड, मग शहर

४ ऑगस्ट, सकाळी ७
लेकीने घरच्या कॉम्प्युटरवर नवा गेम टाकलाय. नदीकाठी शहर वसवायचं. पूर येतो, शहर वाहून जातं, ढिगाऱ्यातून विटा मिळतात. त्या विटा देऊन कायमचे अपग्रेड घ्यायचे. म्हणजे पुढच्या शहराला उंच भिंत, चपळ गवंडी वगैरे. असे एकूण अठ्ठेचाळीस. सत्तावीसला लेक हॉस्टेलला जाणार. त्याआधी आपण दोघांनी मिळून एक शहर वसवू म्हणाली. जरूर, म्हटलं. पण आधी अपग्रेड. अर्धवट तयारीने खेळायला मी काय मेहुणा आहे?

५ ऑगस्ट
मेहुणा आला होता. हाही तोच गेम खेळतो, अपग्रेड न घेता. त्यातच मजा आहे म्हणे. चार वेळा बुडालो हे दात काढत सांगतो! दीड शहाणा. स्कूटरला आरसे नसतात त्याच्या. जाऊ दे.

८ ऑगस्ट
शोध लावला! एकही माणूस वस्तीला आणायचा नाही. माणूस आला की त्याला धान्य हवं, पाणी हवं, वर कुरकुर. नुसत्या वीटभट्ट्या बांधायच्या आणि स्वतःच बांध फोडायचा. सहा मिनिटांत शहर बुडतं, चाळीस विटा हातात. तीस वर्षं ऑफिसात लोकांच्या इमारतींचे नकाशे तपासतोय. माणसं आली की तक्रारी येतात, हे मला कुणी शिकवू नये.
लेक शेजारी खुर्ची ओढून बसली होती. पाच शहरं बुडालेली पाहिली आणि उठून गेली. या पिढीला दम म्हणून नाही.

१३ ऑगस्ट
एकोणीस अपग्रेड झाले. बायको म्हणाली, ऑफिसात पाट्या टाकताना जसा चेहरा असतो तसाच इथेही आहे, मग खेळताय कशाला. तिला गेममधलं काय कळतं? मजा शेवटी येते. सगळी एकदम.

१७ ऑगस्ट
ऑफिसातून आलो तर कीबोर्डवर बिस्किटांचा चुरा. माझी खुर्ची कुणीतरी खाली केलेली. विचारलं तर मायलेकी एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसल्या. घराला शिस्त कशी ती नाही.

२१ ऑगस्ट
एकतीस. लेकीने पुन्हा विचारलं. सतराच उरलेत, म्हटलं. ती बरं म्हणाली आणि बॅग भरायला गेली. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय.

२६ ऑगस्ट, दुपारी ३
अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्रेचाळीस. संध्याकाळपर्यंत पाच सहज होतील. मग लेकीबरोबर खरं शहर. नक्की म्हणजे नक्की.

२७ ऑगस्ट
लेकीला गाडीत बसवून आलो. सत्तेचाळीस झाले होते. फक्त एक राहिला, एक! खिडकीतून म्हणाली, असू दे बाबा. डोळ्यांत पाणी आलं. स्टँडवर भयंकर धूळ होती.

२८ ऑगस्ट, संध्याकाळी ५
अठ्ठेचाळीस! खरं शहर सुरू केलं. भिंत आपोआप उठली. गवंडी आपोआप कामाला लागले. पूर आला, भिंतीला लागला, परत गेला. अकरा मिनिटांत अभिनंदन. मी दोनदा क्लिक केलं होतं, त्यातलं एक चुकून. काय फालतू गेम आहे!
बंद करताना दुसरं खातं दिसलं. नाव ‘मायलेकी’. अपग्रेड शून्य. बावीस शहरं बुडालेली, तेविसावं उभं. बायको म्हणाली, तुम्ही ऑफिसला गेलात की खेळायचो, पूर आला की हसून हसून पोट दुखायचं. त्या शहरात नदीकाठी एक घर रिकामं आहे. वर पाटी: बाबा येणार आहेत.

संध्याकाळी ६
या दोघींना जमतं तर मला का नाही? शून्यापासून नवं शहर घेतलं. माणसं आणली. पूर यायच्या आधीच उपासमारीने मेली सगळी. पुन्हा घेतलं, पुन्हा मेली.

साडेसहा
नाइलाजाने लेकीला फोन केला. विचारलं, या गेममध्ये धान्य कुठून येतं?
म्हणाली, बाबा, तू तीन आठवडे करत काय होतास?
म्हटलं, तयारी.