येइलरला काहीच समजत नाही, असे नोंदवण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय समन्वयक,
बालसंगोपन कार्यालय, बंदर विभाग,
बुएनाव्हेंतुरा.

विषय : चि. येइलर आंगुलो (वय दोन वर्षे सात महिने) याची निरीक्षण-नोंद रद्द करून त्यास वस्तीबाहेर हलवण्याबाबत.

संदर्भ : पर्यवेक्षिका डेल्फा मोस्केरा यांचे दि. १४ ऑगस्टचे नकारपत्र.

महोदय,

मी नीडिया रियास्कोस, खाडीवरच्या माझ्या राहत्या घरी एकोणीस वर्षे बालकेंद्र चालवते. सध्या बारा मुले आहेत. न बोलणारे मूल काय सांगते ते पाहून वहीत लिहिणे हे माझे काम, आणि ते मला येते. ते मला येत नाही असे आपण ठरवावे, अशी विनंती आहे.

१) मार्चमध्ये भरदुपारी येइलरच्या वडिलांना घराच्या उंबऱ्यात तीन गोळ्या घातल्या. मूल त्यांची विजार धरून उभे होते. तेव्हापासून ते बोललेले नाही. दारात कोणी उभे राहिले की चावते. माझ्या मनगटाला दोन टाके पडले.

२) जूनपासून खेळताना तो डावा पाय फरफटत बाहुलीपर्यंत जातो, लाकडी चमचा रोखतो, बाहुली पालथी पाडतो आणि तिच्या डोक्यावर मारत राहतो. रोज तेवढेच. मी वहीत लिहिले : "बालक पाहिलेली घटना करून दाखवत आहे. मारणारा डाव्या पायाने लंगडतो." वस्तीत तसा एकच माणूस आहे. पोलिसांकडे त्याचे नाव घेऊन गेलेले दोघे ओहोटीला चिखलात सापडले, हात मागे बांधलेले. म्हणून नाव मी लिहिले नव्हते. पण लिहिले तेवढ्यानेच घात झाला.

३) पर्यवेक्षिका बाईंनी ती नोंद पालकसभेत मोठ्याने वाचली. "बघा, निरीक्षण असं लिहायचं असतं," म्हणाल्या. हेतू कौतुकाचा होता. मला मात्र त्यांचा गळा धरावासा वाटला, हे लपवत नाही.

४) दुसऱ्याच दिवशी तो लंगडणारा माणूस नारळाच्या वड्या घेऊन आला आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसला. "मावशी, पोरगं बोलायला लागलं का हो?"

"त्याला कुठलं काय कळतंय," मी म्हटले.

"वहीत तर भारीच हुशार निघालंय."

वड्या मी खाडीत फेकल्या.

५) नोंद रद्द करण्यासाठी मी अर्ज दिला. उत्तर आले की बालकाने 'अनुकरणात्मक खेळ' हा टप्पा पूर्ण केला असून पूर्ण झालेला टप्पा मागे घेता येत नाही. शिवाय केंद्राचे अभिनंदन. सोबतचे प्रशस्तिपत्रक दर्शनी भिंतीवर लावण्याची सूचना आहे. लावलेले नाही.

६) आज जेवताना बाहेरच्या फळ्यांच्या पायवाटेवर पाय घासत आल्याचा आवाज झाला. येइलरने चमचा खाली ठेवला आणि स्पष्ट म्हणाला, "बाबाला मारलं." पाच महिन्यांतले त्याचे पहिले शब्द. एरवी मी त्याला उचलून नाचले असते. मी त्याचे तोंड दाबले आणि जोरात गाणे धरले. बाहेरचा पाय थांबला.

"काय म्हणाला हो तो, मावशी?"

"भात मागतोय."

"उद्या येतो निवांत. माझ्यासमोर मागू दे."

तरी सदर बालक बोलत नाही, त्यास काही समजत नाही व अर्जदार निरीक्षणास अपात्र आहे, असा शिक्क्यानिशी दाखला आजच मिळावा. तसेच बालकास आजीसह पाल्मिरा येथे नातेवाइकांकडे नेण्यासाठी गाडी पाठवावी. दोघेही माझ्या घरी आहेत. केंद्र सकाळी आठला उघडते. गाडी त्याआधी यावी.

आपली नम्र व अपात्र,
नीडिया रियास्कोस
दि. २२ ऑगस्ट

सोबत : आजीचे संमतीपत्र (अंगठा).